सत्यप्रत

कचेरीत आमच्या मेजावर रोज जो कागदांचा ढीग येऊन पडतो, त्यात मूळ कागद थोडे आणि नकला फार. नकलेवर 'सत्यप्रत' असा शिक्का आणि त्याखाली कोणा जबाबदार माणसाची सही असली, की तिला मुळाइतकाच मान मिळतो. अलीकडे तर ज्याचा कागद त्यानेच सही करून द्यावी, एवढ्यावरही पुष्कळ ठिकाणी भागते. बारा वर्षांच्या नोकरीत असे हजारो कागद आमच्या हाताखालून गेले. परंतु नक्कल खरी असते म्हणजे काय, हा प्रश्न आम्हांला कधी पडला नव्हता. तो पडला स्वयंपाकघरात, आणि तोही एका ताटभर वड्यांपायी.

प्रकरण असे. आम्ही मूळचे बागलाणातले, सटाण्याकडचे. मालेगाव तालुक्यातील रावळगाव हे आमच्या बाजूचेच गाव. जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्या उद्योगांसाठी ज्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्या वालचंद हिराचंदांनी १९३३ साली तेथे साखरेचा उद्योग उभा केला, आणि १९४२ पासून तेथे गोळ्याही होऊ लागल्या. त्यांपैकी 'पान पसंद' ही आमची लाडकी. आमच्या लहानपणी, म्हणजे १९९० नंतरच्या दशकात, वाण्याकडे सुटे पैसे नसले म्हणजे तो उरलेल्या आठ आण्यांच्या जागी गोळी हातावर ठेवी. नाण्याची नक्कल म्हणून आलेली ती गोळी आम्हांला नाण्याहून प्रिय असे.

या गोळीचा आमच्या आजीशीही एक संबंध होता. आजीला विड्यावाचून दुपार सुनी वाटे. दात पडल्यावर ती लहानशा पितळी खलबत्त्यात विडा कुटून खाई. आम्ही हात पुढे केला, की "पोरांनी पान खाऊ नये, जीभ जड होते," असे म्हणून ती तो मागे सारी, आणि कनवटीची गोळी काढून देई. विडा मोठ्यांचा आणि गोळी लहानांची, अशी आमच्या घरी वाटणीच होती.

पुढे आम्ही मोठे झालो, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि बदलीच्या ओघात कोलकात्यास येऊन पोहोचलो. गोळी मागे राहिली. तिची आठवण झाली ती २०२४ च्या फेब्रुवारीत. रावळगावच्या गोळ्यांची व्यापारचिन्हे, पाककृती आणि बौद्धिक संपदेचे सर्व हक्क रिलायन्स समूहातील एका कंपनीने २७ कोटी रुपयांस घेतल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले. जमीन, इमारती आणि यंत्रसामग्री मात्र जुन्या कंपनीकडेच राहिली होती. यंत्रे एकीकडे आणि चव दुसरीकडे, अशी ही फारकत आम्हांला मोठी विलक्षण वाटली, म्हणून ते वृत्त आम्ही जेवताना घरात वाचून दाखविले. आमची कन्या तेव्हा सहा वर्षांची होती. "बाबा, चव कशी विकतात?" असे तिने विचारले. आम्हांला उत्तर देता येईना, तेव्हा तिने आमच्यावर दया करून दुसरा, सोपा प्रश्न केला: "मग ती गोळी लागते कशी?"

गोळी कोठून तरी मागवून तिच्या हातावर ठेवावी, हा सरळ मार्ग होता. परंतु बापाला आपल्या हाताने काही करून दाखविण्याची हौस असते. गोळी घरी करणे मात्र सोपे नाही. त्यासाठी साखरेचा पाक सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळून त्यातले जवळजवळ सगळे पाणी घालवावे लागते. मग निवताना त्यात साखरेचे कण जमत नाहीत, तो काचेसारखा घट्ट होतो. गोळी म्हणजे खरोखर साखरेची काच. लहान मूल पायांत घोटाळत असताना असला धगधगता उद्योग करण्यास आमच्या सौभाग्यवतींनी साफ मनाई केली. "अहो, तुम्हांला चव हवी आहे ना? मग वड्या करा," असा त्यांनी निवाडा दिला.

वड्यांची कृती इतकी सोपी, की ती कारकुनालाही जमावी. मेदिनीपूरकडचे 'मिठा पाता' म्हणून जे पान इकडे मिळते, त्याची सहा पाने देठ आणि जाड शिरा काढून अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्कबरोबर मिक्सरमध्ये वाटावीत. दोन वाट्या सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस चमचाभर तुपावर मंद आचेने परतावा. त्याचा रंग बदलू देऊ नये. त्यात ते हिरवे दूध, थोडी बडीशेप आणि वेलदोड्याची पूड घालून मिश्रण कढईच्या कडा सोडीपर्यंत, म्हणजे पाचएक मिनिटे, हलवीत राहावे. तूप लावलेल्या ताटात निम्मे मिश्रण थापावे, त्यावर गुलकंदाचा पातळ थर द्यावा, उरलेले मिश्रण वरून थापावे, आणि तास-दीड तास निवल्यावर वड्या पाडाव्यात. राहिला गारवा. आमच्या आठवणीतल्या गोळीला एक गारवा होता. त्यासाठी मिश्रण कोमट झाल्यावर त्यात पिपरमिंटचा खडा कुस्करून घालावा. पहिल्या खेपेस आम्ही तो हरभऱ्याएवढा घातला, आणि ताटभर दंतमंजन तयार झाले. दुसऱ्या खेपेस मुगाएवढा घातला. त्या खेपेची पहिली वडी तोंडात टाकली, आणि आम्ही क्षणभर वाण्याच्या ओट्यावर जाऊन उभे राहिलो.

ती वडी म्हणजे ती गोळी होती काय? नव्हती. गोळी दाढेशी खडखडे आणि सावकाश विरघळे. वडीचा चावताच भुगा होई. गोळीची चव वडीत आली होती, गोळी आली नव्हती. "चव तर त्यांनी २७ कोटींना घेतली, मग ही आपली चोरी नव्हे ना?" असा प्रश्न सौभाग्यवतींनी विचारला. आम्ही कारकुनास शोभेल असे उत्तर दिले: १९९९ च्या व्यापारचिन्ह अधिनियमाप्रमाणे दुसऱ्याचे चिन्ह व्यापाराच्या ओघात वापरले तर अतिक्रमण होते, घरच्या ताटाला ती कलमे लागत नाहीत. कायद्याच्या बाजूने आम्ही निर्धास्त होतो. पण कायदा जेथे थांबतो, नीतीचा प्रश्न पुष्कळदा तेथूनच सुरू होतो.

प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात पलंगाचे उदाहरण दिले आहे. पलंगाचे आदिरूप एक; त्यावरून सुतार पलंग घडवितो, आणि त्या पलंगावरून चित्रकार चित्र काढतो. म्हणून चित्रकार सत्यापासून फार दूर पडला, असा त्याचा निष्कर्ष. या हिशेबाने विडा हे मूळ, गोळी ही त्याची नक्कल, आणि आमची वडी नकलेची नक्कल! पण विड्याला तरी मूळ कसे म्हणावे? आपल्याकडे त्रयोदशगुणी विडा सांगितला आहे. आजीच्या विड्यात पान, सुपारी, चुना आणि कात एवढेच असे. तेरा गुणांचा विडा लावण्याइतकी तिची ऐपत नव्हती. म्हणजे तिचा विडाही कोणत्या तरी मोठ्या विड्याची गरिबाघरची प्रतच. मूळ शोधीत मागे गेले, की दर पायरीवर आणखी एक प्रत भेटते.

शिवाय नकलेला सरसकट खोटे म्हणणेही आम्हांला पटेना. पिपरमिंटचेच पाहावे. त्याने तोंडातले तपमान काही उतरत नाही. थंडीची वर्दी मेंदूला देणारा एक ग्राहक आपल्या मज्जातंतूंत असतो, तो पिपरमिंटनेही जागा होतो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांनी स्वतंत्रपणे हा ग्राहक हुडकला तो २००२ साली, पिपरमिंटचेच सत्त्व वापरून. स्पर्श आणि तपमान यांच्या जाणिवेवरील संशोधनासाठी त्या दोघांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गारवा नाही, पण गारव्याची जाणीव मात्र खरी! येथे खोटे कोण बोलले? पिपरमिंट 'मी बर्फ आहे' असे कोठेच म्हणत नाही. वस्तू खोटे बोलत नाही. खोटे बोलतो तो तिला नाव देणारा माणूस.

आणि ते खोटे आम्ही बोललो.

त्याचे असे झाले. गेल्या गणेशोत्सवात येथील मराठी मंडळींनी घरोघरचे पदार्थ मांडले होते. आमच्या ताटापुढे आम्हीच सुवाच्य अक्षरात चिठ्ठी ठेवली: 'पानवडी. महाराष्ट्राचे पारंपरिक पक्वान्न.' ताट अर्ध्या तासात रिकामे होत आले. आमच्या शेजारी एक निवृत्त बंगाली प्राध्यापक राहतात. आमची कन्या त्यांना 'दादू' म्हणते. त्यांनाही आम्ही आग्रहाने नेले होते. खाण्याच्या इतिहासाचे त्यांना वेड आहे. रसगुल्ल्यावर बंगालचा हक्क की ओडिशाचा, यावर ते रात्ररात्र बोलू शकतात. २०१७ साली बंगालच्या आणि २०१९ साली ओडिशाच्या रसगुल्ल्यास भौगोलिक निर्देशांक निरनिराळा मिळाला, त्या दोन्ही तारखा त्यांना तोंडपाठ आहेत. त्यांनी वडी चाखली, डोळे मिटले, खिशातून वही काढली आणि विचारले, "ही कृती कोणाची?"

"आमच्या आजीची," आम्ही म्हणालो.

त्यांनी ते वहीत लिहून घेतले. शेजारी आमची कन्या उभी होती. डबा फोडण्यापासून वड्या पाडण्यापर्यंत सगळ्यात तिचा हात होता. तिने मान वर करून एकदा आमच्याकडे पाहिले आणि ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या वड्या ती शाळेच्या डब्यातून घेऊन गेली, आणि 'या आमच्या पणजीच्या वड्या' असे सगळ्या वर्गाला सांगून आली. गोळीची नक्कल करताना आमच्या दोन खेपा फुकट गेल्या असत्या तरी चालले असते; आमच्या असत्याची नक्कल मात्र पहिल्याच खेपेस बिनचूक उतरली होती.

यात एवढे मोठे काय झाले, असे कोणी म्हणेल. वड्या चांगल्या होत्या, कोणाचे पोट दुखले नाही, दादू खूष झाले. पुष्कळ दिवस आम्हीही मनाची अशीच समजूत घातली. पण आम्ही खोटे का बोललो, याचा शोध घेतला, तेव्हा जे हाती लागले ते शोभादायक नव्हते. परमुलखात माणसाला आपली किंमत थोडी वाढवून सांगावीशी वाटते. 'एका स्वस्त गोळीच्या आठवणीने गेल्या महिन्यात घरी केलेला पदार्थ' असे म्हटले असते, तर आपण किरकोळ ठरू, असे भय आम्हांला वाटले. म्हणून आम्ही परंपरेचा शिक्का मारला आणि खाली आजीची सही केली. बदलीवर असणाऱ्या आपणा मंडळींत हा मोह एकट्या आमचाच नसावा. गाव सुटले, म्हणजे गावाकडचे सगळेच आपण प्राचीन करून टाकतो.

आणि या व्यवहारात नागविले गेले कोण? रावळगावची गोळी नव्हे, दादू नव्हेत. नागविली गेली आजी. तिने आमच्यासाठी कधी वड्या थापल्या नाहीत. कंडेन्स्ड मिल्कचा डबा तिने जन्मात पाहिला नसेल. तिने केले ते एवढेच, की आपल्या जिभेचा एकुलता एक शौक नातवापासून दूर ठेवला, आणि त्या नकाराची भरपाई म्हणून कनवटीला गोळ्या बाळगल्या. ही तिची खरी गोष्ट. आम्ही तिला एक सुबक पाककृती बहाल केली आणि ही गोष्ट तिच्यापासून काढून घेतली. आमच्या कन्येला आता पणजी माहीत झाली होती ती पदराला हात पुसत वड्या पाडणारी, कोणत्याही जाहिरातीतल्या आजीसारखी. खोट्याने खरे झाकले जाते एवढेच नव्हे. जे थोडे खरे आपल्यापाशी उरलेले असते, त्याची जागाच ते घेऊन बसते.

दुर्गापूजा संपली. विजयेच्या भेटीसाठी आम्ही रिवाजाप्रमाणे दादूंच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने नारळाचे नाडू पुढे ठेवले. आम्ही एक नाडू हातात घेतला, तो तसाच ठेवला, आणि सगळे सांगून टाकले: विडा, गोळी, वाणी, डबा आणि चिठ्ठी. कन्या मांडीशी बसून ऐकत होती. दादू हसले. "तुमच्या आजीच्या कृतीत डबा फोडण्याचे हत्यार कोठून आले, हे मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवले आहे," ते म्हणाले. मग वही उघडून त्यांनी आजीचे नाव खोडले नाही, त्यापुढे गोळीची हकीकत लिहिण्यासाठी जागा मोकळी केली आणि म्हणाले, "हे सांगा आता सावकाश. वडी चांगली होती, पण ही त्याहून चांगली आहे."

घरी परतताना कन्येने विचारले, "मग बाबा, त्यातले आपले खरे कोणते?"

आम्हांला संस्कृत काव्यशास्त्रातला एक जुना वाद आठवला. नट रामाचे अनुकरण करतो आणि प्रेक्षक त्यावरून रामाचे भाव जाणतो, असे श्रीशंकुकाचे म्हणणे. चित्रातल्या घोड्याला आपण 'घोडा' म्हणतो, ते ज्ञान खरेही नव्हे आणि खोटेही नव्हे, हा त्याचा दृष्टांत. त्यावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी आक्षेप घेतला. मूळ ज्याने पाहिले आहे, त्यालाच 'हे अनुकरण आहे' असे म्हणता येईल. रामाचे मन कोणी पाहिले आहे? हा आक्षेप आम्ही महाविद्यालयात परीक्षेपुरता पाठ केला होता. तो खरा कळला त्या संध्याकाळी. आमच्या कन्येने गोळी चाखलेली नाही, विडाही नाही. तिच्या जिभेवर वडी ही कशाचीच नक्कल नव्हे. तिच्यासाठी तेच मूळ आहे. गोळी उद्या मिळाली, तर ती कदाचित म्हणेल, 'ही थोडीशी आपल्या वडीसारखी लागते.' आमची आठवण आम्ही तिच्या तोंडात घालू शकत नाही. तिला आम्ही देऊ शकतो ती एक चव, आणि त्या चवीची खरी हकीकत. चव थोडीफार चुकली तरी चालेल. हकीकत चुकता कामा नये.

सत्यप्रत म्हणजे मुळासारखी दिसणारी प्रत, अशी आमची समजूत होती. आता वाटते, 'मी प्रत आहे' असे जी आपल्याच कपाळावर लिहून घेते, ती सत्यप्रत. मूळ कोठे आहे, त्यात काय गळले, काय बदलले आणि हे सांगणारा कोण, एवढे जिच्यावर लिहिलेले असते, तिला मुळाशी स्पर्धा करावी लागत नाही. हे लिहिण्याची लाज वाटून जी मूळ म्हणून मिरवते, ती हुबेहूब असली तरी बनावटच. आम्ही परमुलखात जे मराठीपण मुलांच्या हाती देतो, ते बव्हंशी असे घरी केलेले, मिळेल त्या पानाचे आणि डब्यातल्या दुधाचेच असणार. त्यात कमीपणा नाही. कमीपणा त्यावर खोटा शिक्का मारण्यात आहे.

कन्येला मात्र आम्ही एवढेच सांगितले: "पणजीने आम्हांला पान दिले नाही, हे खरे. गोळी दिली, हे खरे. आणि वड्या आपण दोघांनी केल्या, हेही खरे."

दिवाळीच्या फराळाला मंडळी पुन्हा जमली. या वेळी चिठ्ठी कन्येने लिहिली, तिच्या वाकड्यातिकड्या अक्षरात: 'पानवडी. बाबांच्या लहानपणीच्या गोळीवरून घरी केली.' एकदोघांनी ती वाचली आणि ते चकल्यांच्या ताटाकडे वळले. या खेपेस ताट रिकामे झाले नाही. सात वड्या परत आल्या. त्यांपैकी चार दादूंकडे गेल्या. उरलेल्या तीन आम्ही तिघांनी रात्री खाल्ल्या. त्या आम्हांला पहिल्या ताटापेक्षा अधिक गोड लागल्या असे म्हणण्याचा मोह होतो. पण खरे सांगायचे तर पिपरमिंट पुन्हा थोडे जास्तच पडले होते.